समोरच्यांकडची चावी

लग्न होऊन मी परळच्या चाळीत आले तेव्हा दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं राहत होतो. दाराला कडी होती, पण ती फक्त झोपताना लागायची. भरदिवसा दार ओढून घेतलं तर शेजारीण खिडकीतून डोकावून विचारायची, "काय गं, भांडण झालं की काय?" आतून कडी लावून एकटीनं बसावं अशी अख्ख्या मजल्यावर एकच जागा होती, ती म्हणजे कॉमन संडास. तिथेही जरा टेकलं की बाहेर कुणीतरी खाकरायचं. आयुष्याची ऐन वर्षं मी त्या खाकरण्याच्या धाकात काढली. मनाशी एकच नवस बोलले होते, की मरायच्या आधी एकदा तरी माझं स्वतःचं दार हवं आणि ते लावायला कुणाची परवानगी लागता कामा नये.

नवस फळायला साठी उलटावी लागली. नवरा गेला, दिरांनी जागा विकली, मी नोकरीतून निवृत्त झाले आणि वाट्याला आलं त्यातून भाईंदर पूर्वेला, नवघरात, एका वन रूम किचनची मालकीण झाले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, खिडकीतून पलीकडच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे दिसतात. नातेवाईक हळहळले, "एवढ्या लांब?" मला विचाराल तर स्वर्ग दोन बोटं उरला होता. सामान लावायच्या आधी मी सुतार बोलावून दाराला लॅच बसवून घेतलं, ओढलं की आपोआप लागणारं. टक्. तो आवाज ऐकायला पहिल्या दिवशी मी उगाचच आतबाहेर करत राहिले. सुताराला वाटलं, बाईंना कुलूप पसंत नाही.

माझ्या या नव्या संसारावर मुलीचा मात्र काडीचा विश्वास नव्हता. ती पुण्याला असते. तिच्या घरात माझ्यासाठी वेगळी खोली आहे, खोलीला दारही आहे. पण दर थोड्या वेळानं ते दार उघडून कुणीतरी आत डोकं घालतं, "आजी, काही हवंय का?" प्रेमानंच विचारतात, नाही कोण म्हणतं? पण मला त्यातही खाकरणंच ऐकू येतं. शेवटी तिनं आणि मी तह केला. "एक वर्ष राहून बघ," ती म्हणाली. "पडलीस, गॅस विसरलीस, काहीही झालं, तर मुकाट्यानं पुण्याला यायचं. कबूल?" मी कबूल म्हणाले. शिवाय रोज सकाळी आठच्या आत मी जिवंत असल्याचा पुरावा पाठवायचा. गुलाबाची फुलं आणि सुविचार पाठवणाऱ्यांतली मी नाही, तेव्हा चहाच्या कपाचा फोटो पाठवायचं ठरलं. त्यातून वाफ दिसली पाहिजे ही तिची पुरवणी अट. कालचा फोटो आज चालवून घेईन अशी तिला शंका, आणि आईला ओळखते म्हणायची! आठपर्यंत फोटो आला नाही तर ती फोन करणार, फोन उचलला नाही तर गाडी काढणार, आणि गाडी एकदा नवघरात आली की मला आणि माझ्या बॅगेला घेऊनच परत जाणार.

समोरच्या घरात गुहागरकडचं कुटुंब आहे. माझ्याएवढ्याच जागेत सहा माणसं. नवरा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला, धाकटा दीर, सासू, शाळेत जाणारी दोन मुलं आणि या सगळ्यांचं करणारी ती. चाळिशीच्या आतबाहेरची, बोलकी, हात सतत ओले. मी तिला मनात समोरची म्हणते, तोंडावर 'अगं' म्हणते, ती मला काकू म्हणते. त्यांचं दार सदा सताड उघडं. मी राहायला आले त्याच दिवशी ती पदराला हात पुसत आली. "काकू, एक चावी आमच्याकडे ठेवा हां."

"कशाला?"

"पाण्याचा काय भरोसा नाय इकडे. कधी सोडतात, कधी नाय. तुम्ही बाहेर असलात तर मी पिंप भरून ठेवेन. सगळ्यांच्याच चाव्या असतात आमच्याकडे."

ही इथली रीतच आहे. पाणी केव्हाही येतं, त्या वेळी घरात कुणी नसेल तर शेजारी कुलूप उघडून पाणी भरतात आणि पुन्हा कुलूप लावून निघून जातात. बाजूच्या गुजराती भाभीनंही दुजोरा दिला, "हमारी चाबी तो कब से उधर ही है, आंटी. टेन्शन नहीं." मी मात्र दोघींकडे असं पाहिलं जसं काही त्यांनी माझं पाकीटच मागितलं. एवढ्या वर्षांनी मिळालेलं दार, आणि पहिल्याच दिवशी त्याची चावी दुसऱ्याच्या घरी टांगू? शेजार म्हणजे असून अडचण, नसून खोळंबा, हे मी चाळीत पुरतं शिकले होते. "मी घरातच असते गं," मी म्हणाले आणि टक्.

लॅचबरोबर आलेल्या दोन्ही जादा चाव्या मी अगदी जपून ठेवल्या. स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्यामागे, एका डबीत. या अकलेचं कौतुक पुढे होणारच आहे.

ते वर्ष मोठ्या झोकात गेलं. भूक लागली की जेवायचं, नाही लागली तर नाही. सकाळी पिठलं, रात्री पोहे, मधे वाटलं तर अख्खी दुपार लोळायचं. संध्याकाळी वाचनालयात जायचं, तिथे पेपर चाळायचा, एक पुस्तक बदलायचं आणि परत येताना केबिन रोडवरून काहीतरी चटपटीत आणायचं. विरजणसुद्धा मी कुणाकडून मागून आणलं नाही, दही विकत आणलं आणि त्याचं लावलं. समोरची अधूनमधून वाटीतून काहीबाही द्यायची. मी वाटी रिकामी न देता त्यात साखर घालून परत करायची, म्हणजे हिशेब मिटला. कुणाचं देणं नको, कुणाचं घेणं नको. रोज सकाळी चहाचा वाफाळता फोटो पुण्याला जायचा आणि मुलीचं "ओके" यायचं. वर्ष संपत आलं आणि मी मनातल्या मनात गुलाल उधळायला लागले.

आणि गणपती आले.

गणपतीत आमची बिल्डिंग ओस पडते. रत्नागिरीवाले रत्नागिरीला, रायगडवाले रायगडला. निघायच्या आदल्या दिवशी समोरची आली आणि तिनं आपल्या घराची चावी माझ्या हातावर ठेवली. "काकू, सासूबाईंची तुळस आहे. रोज पाणी घाला हां. तुळस सुकली तर मला घरात घेणार नायत." मागोमाग भाभी आली. तिला गावाला आरती-मोदक काही नव्हते, पण सुट्टी आहे तर जाऊबाईंकडे सुरतेला चाललो म्हणाली. "खाली पानी भर देना आंटी, और कुछ नहीं." वरच्या मजल्यावर महाडचं एक तरुण जोडपं आहे, त्यांचे मासे आहेत. "दोनच चिमटी टाका काकू. जास्त खाल्लं की मरतात."

जिनं वर्षभर स्वतःची चावी कुणाला दिली नाही, तिच्या कमरेला सगळ्यांच्या चाव्या. का, तर मला जायला गाव नाही. जुडगा खोचून जिन्यावरून वरखाली करताना मी अचानक कुठल्यातरी मोठ्या घरातली सासू झाल्यासारखी चालायला लागले. आणि मजा म्हणजे, "तुम्ही कुठे आमच्याकडे चावी ठेवता?" असं एकीनंही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं. मला जरा टोचलं. पण जराच.

ऋषिपंचमीच्या सकाळी चहा झाला. कपात ओतला, गॅस बंद केला. फोन चार्जिंगला लावलेला होता, अगदीच मान टाकलेला. म्हटलं, जरा जीव धरू दे, तोवर तुळशीला पाणी घालून येऊ. कमरेला जुडगा, हातात तांब्या, अंगात गाऊन आणि त्यावर ओढणी. समोरचं दार उघडलं, त्यांच्या खिडकीतून वारा आला, आणि माझ्या पाठीमागे तो आवाज झाला. ज्याच्यासाठी मी आयुष्यभर झुरले होते तोच.

टक्.

मी वळून दाराकडे पाहिलं. मग जुडग्याकडे पाहिलं. समोरच्यांची चावी होती, भाभीची होती, माशांची होती. माझी पर्समध्ये, पर्स खुंटीला, आणि जादाच्या दोन साखरेच्या डब्यामागे, सुखरूप. तीन घरं माझ्यासाठी उघडी होती आणि माझं स्वतःचं बंद. दार ढकललं, खांद्यानं रेटलं, लॅचला आईबहिणीच्या खालोखालच्या शिव्या दिल्या. ते बिचारं आपलं काम चोख करत होतं.

दार आज ना उद्या उघडलंच असतं. चावीवाला केबिन रोडला बसतो, तो दहाअकराला येईल. माझा जीव अडकला होता तो कपातल्या चहात. आठ वाजायला थोडाच वेळ होता. फोटो जाणार नव्हता. मुलगी फोन करणार, तो आत वाजत राहणार, आणि मग ती गाडी काढणार. एका वर्षाला थोडेच दिवस कमी होते. जिंकलेली लढाई मी एका तांब्याभर पाण्यासाठी हरत होते.

खाली धावले. वॉचमन गायब. गेटपाशी जवळच्या गोडदेव गावातली भाजीवाली पाटी उतरवून बसत होती. आमच्या बिल्डिंगला बारा महिने तिचीच भाजी. त्या दिवशी तिच्याकडे अळू, लाल माठ, शिराळी, भेंडी, मक्याची कणसं, म्हणजे ऋषीच्या भाजीचा सगळा थाट होता. मला त्या अवतारात पाहून ती म्हणाली, "काय गो बाय, काय झाला?"

मी सांगितलं. तिनं कंबरेची पिशवी चाचपून फोन काढला. "घे. लाव पोरीला."

मी फोन हातात घेतला आणि तशीच उभी राहिले. मुलीचा नंबर मला पाठ नव्हता. कुणाचाच नव्हता. डोक्यात होता तो परळच्या वाण्याच्या दुकानातला जुना लँडलाइन, जिथे आमचे फोन यायचे, आणि नवऱ्याच्या ऑफिसचा. दोन्ही आकडे आजही धडाधड म्हणून दाखवीन. पण ना तो वाणी राहिला, ना ऑफिसातला माणूस. तिथे गेटपाशी, माठाच्या जुड्यांसमोर, मला रडूच यायला लागलं. स्वतंत्र म्हणून मिरवणाऱ्या बाईला जगातला एकही जिवंत नंबर येत नाही, याहून दरिद्री गोष्ट मला तरी सुचत नाही.

"रडतेस कशाला? तुज्या समोरवालीचा नंबर हाय माज्याकरं," भाजीवाली म्हणाली. "ती मना फोन करून भाजी सांगते."

समोरचीला फोन करून काय होणार होतं ते मला ठाऊक नव्हतं. ती गुहागरला, घरात गणपती. पण बुडत्याला काडीचा आधार. बऱ्याच वेळानं तिनं उचलला. मागून झांजांचा आवाज. "थांबा थांबा, मागच्या पायरीवर येते, इकडे रेंज नाय... हां, बोला. काकू? भाजीवालीच्या फोनवरनं?"

मी एका दमात सगळं सांगितलं. दार लागलं, फोन आत, तुमच्याकडे हातोडा आहे का, तुझ्या नवऱ्याचा कुणी दोस्त कारखान्यातून येऊन दार फोडेल का. ती शांतपणे म्हणाली, "दाराचं मरू दे. आधी ताईंना सांगते. आठ वाजत आले."

"कुठल्या ताईंना?"

"पुण्याच्या," ती म्हणाली. "तुमच्या."

झाकलं कोंबडं आरवलं म्हणायचं. मुलगी मला सोडायला आली होती त्याच दिवशी तिनं समोरचीचा नंबर घेऊन ठेवला होता. माझ्या दारावर दुधाची पिशवी अडकवलेली असते. सकाळी ती आत गेली, की समोरची पुण्याला एक अंगठा पाठवायची. बस. वर्षभर रोज. मी वाफेचे फोटो पाठवत होते आणि माझ्या मागे अंगठे जात होते. ती गावाला गेल्यावर अंगठा बंद झाला आणि पुण्याला उरली फक्त वाफ.

मला असा संताप आला! चाळीतली खिडकीतून डोकावणारी बरी, ती निदान समोरून डोकावायची. पण संतापायला फोन माझा नव्हता, आणि भाजीवालीचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. तेवढ्यात समोरचीनं फोन ठेवलाही.

थोड्या वेळानं त्याच फोनवर तिचा उलट फोन आला. "झालं काकू. ताईंच्या पायात चप्पल होती, निघाल्याच होत्या. आता बसल्या."

"काय सांगितलंस?"

"खरं तेच. काकू आमच्या घरात आहेत, सासूबाईंच्या तुळशीला पाणी घालतायत, फोन त्यांच्या घरात चार्जिंगला आहे. यात खोटं काय आहे?"

"आणि दाराचं?"

"दाराचं त्यांनी विचारलं नाय, मी सांगितलं नाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्हाला नको आहे ना पुण्याला जायला? मला माहीत आहे काकू."

मी तिला हे कधीही सांगितलेलं नव्हतं.

चावीवाला यायला वेळ होता. मी वर आले आणि समोरच्यांच्या घरात बसले. वर्षभर उंबऱ्यातूनच बोललेलं ते घर, आज पहिल्यांदा एकटीनं पाहत होते. कॉटवर सासूची गोधडी, दाराआड नवऱ्याचं हेल्मेट, दिराचा चार्जर, मुलांच्या दप्तरांचं कपाट. सहज मनात आलं, हिची जागा कुठली? पाच जणांच्या पाच जागा दिसत होत्या. शोधता शोधता मला तिच्या केसांच्या पिना सापडल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला खोचलेल्या. बाकी ती त्या घरात कुठेच नव्हती, किंवा मग सगळीकडे होती.

दारापाशी एक लाकडी फळी होती, तिला खिळे ठोकलेले. प्रत्येक खिळ्यावर मार्करनं घराचा नंबर. भाभीचा, महाडवाल्यांचा, खालच्या मजल्यावरच्या दोघांचा, आणि माझा. माझ्या नंबराखालचा खिळा रिकामा. आकड्याची शाई बाकीच्यांइतकीच पुसट झालेली, म्हणजे कालपरवा लिहिलेला नव्हता. मी "घरातच असते गं" म्हणून दार लावून घेतल्यावरही तिनं तो तसाच ठेवला होता. रागवायला मी बरीच कारणं जमवून बसले होते, पण त्या खिळ्याकडे बघून एकेक गळायला लागलं.

चावीवाला आला. माझ्या लॅचकडे त्यानं पाहिलं, पिशवीतून कोल्ड्रिंकच्या बाटलीचा कापलेला तुकडा काढला, फटीत सारला आणि दार उघडलं. चहा ढवळायलाही याहून जास्त वेळ लागतो. "बस?" मी विचारलं. "आंटी, ये हवा के लिए लॉक है," तो म्हणाला, "चोर के लिए नहीं." ज्याच्या जिवावर मी वर्षभर नाक वर करून फिरले, त्याची ही किंमत.

आत चहावर जाड साय धरलेली. फोनवर मुलीचे मिस्ड कॉल. मी त्या सायीचाच फोटो काढून पाठवला आणि वर स्वतःच फोन लावला, कारण आता संतापायला फोन माझा होता. "माझ्यावर पहारा बसवलास?" मी सुरू केलं. "शेजाऱ्यांकडून अंगठे मागवतेस? लाज नाही वाटत? साधं दार लागलं म्हणून मी काही मेले नाही!"

"कसलं दार?" मुलगी म्हणाली.

समोरचीनं एवढ्या शिताफीनं झाकलेलं मी एका फुंकरीत उघडं केलं. आपल्याच पायावर धोंडा, आणि तो उचलून घेतलेला. मग सगळं सांगावं लागलं. मला वाटलं, आता ही म्हणेल, बॅग भर. पण ती बोलली तेव्हा तिचा आवाज रडवेला होता. "आई, तू कुणालाच चावी दिलेली नाहीस हे मला माहीत आहे. रोज सकाळी तुझ्या कपातली वाफ बघेपर्यंत माझा चहा घशाखाली उतरत नाही. तुझं एकटं राहणं तुला सोपं आहे गं. इथे मी ते रोज निभावते."

हे मला लागलं. खोलवर लागलं. मला वाटत होतं, मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि इकडे एक पुण्यात श्वास रोखून बसली होती, आणि दुसरी माझ्या दुधाच्या पिशवीवर डोळा ठेवून. त्या दोघींच्या दोन खांद्यांवर माझं स्वातंत्र्य ऐटीत पालखीत बसलं होतं.

"समोर चावी दे," मुलगी म्हणाली. "ती आल्या आल्या. नाहीतर मी खरंच येतेय."

गौरी-गणपती विसर्जन करून समोरची मंडळी परतली. नारळ, कोकम आणि जिन्यात सांडत आलेली मुलं. मी जुडगा परत केला. तुळस जिवंत होती, सासूबाईंनी पानं चाचपून खात्री केली. मग साखरेच्या डब्यामागची एक चावी मी तिच्यापुढे धरली. तिनं "अरे वा" नाही म्हटलं, की "बघा, मी म्हटलं नव्हतं" असंही नाही. ओला हात पुसला, चावी घेतली आणि त्या खिळ्यावर अडकवली. मुलीला मी फळीचा फोटो पाठवला. तिचं "ओके" आलं, आणि मागोमाग एक अंगठा.

इथवर सगळं गोड झालं होतं. दोनतीन दिवसांनी ती माझ्या दारात आली. दार अर्धवट ओढून घेऊन तिथेच उभी राहिली. "काकू, एक विचारू? तुम्ही संध्याकाळी वाचनालयात जाता ना..."

"हो."

"तेव्हा मी तुमच्या घरात बसू का जरा? कशाला हात नाय लावणार. नुसती बसेन. दार लावून."

खरं सांगते, मला आवडलं नाही. चावी दिली होती ती पाणी भरायला, मी पडले-झडले तर उघडायला. बसायला नव्हे. माझी खुर्ची, माझी खिडकी, माझी शांतता. नवसानं मिळवलेली. मी काहीतरी गुळमुळीत बोलले. "बघू" की "कधीतरी". ती लगेच "नाय नाय, तसं काय नाय" म्हणून हसली आणि निघाली. तिची पाठ मला दिसली, आणि डोळ्यांसमोर आल्या त्या खिडकीच्या गजाला खोचलेल्या पिना.

"अगं," मी हाक मारली. "कडी जरा घट्ट आहे. वर उचलून लावायची."

तेव्हापासून मी वाचनालयात गेले की ती येते. काय करते, मी विचारलं नाही. परत येते तेव्हा घर होतं तसंच असतं, फक्त खुर्ची खिडकीकडे थोडी वळलेली. दिवाळीत मुलगी येऊन गेली. वर्ष कधीच पूर्ण झालं होतं, पण तहाचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. निघताना समोर जाऊन दोघी बराच वेळ कुजबुजत होत्या. मी कान दिला नाही, असं मी तरी म्हणणार.

परवा वाचनालय कशासाठीतरी लवकर बंद झालं. मी नेहमीपेक्षा बरीच आधी घरी पोचले, लॅचमध्ये चावी फिरवली. चावी फिरली, दार उघडलं नाही. आतून कडी होती. पायांना रग लागली होती, हातात पिशवी होती. माझं बोट बेलवर गेलं.

आणि तिथेच थांबलं. आतून काहीच आवाज येत नव्हता. टीव्ही नाही, भांडी नाहीत. एक बाई कडी लावून बसली होती, आणि बाहेर खाकरायला मी उभी होते.

मी बोट काढून घेतलं. चप्पल न वाजवता वळले आणि समोरच्यांच्या उघड्या दारातून आत गेले. सासूबाई कॉटवर वाती वळत होत्या. "सून कुठे गेली, बघितलीत काय?" त्यांनी विचारलं. "कधीची चहाची वाट बघतेय मी."

"माझ्याकडे आहे," मी म्हणाले. "माझं एक काम आहे तिच्याकडे. वेळ लागेल."

मग पिशवी खाली ठेवली, त्यांच्या ओट्यापाशी गेले आणि सगळ्यांच्या चहाचं आधण ठेवलं. मुद्दाम मंद आचेवर.